मुशीची साक्ष

महाविद्यालयात द्रवणांक काढायला शिकवणे हे माझे वर्षानुवर्षांचे काम होते. काचेची केसासारखी बारीक नळी घ्यायची, तिचे एक टोक ज्योतीत धरून बंद करायचे, तिच्यात चिमूटभर पूड ठोकून भरायची, ती तापमापीला दोऱ्याने बांधायची आणि द्रव पॅराफिनमध्ये बुडवून मंद आचेवर तापवायची. पूड आधी ओलसर दिसू लागते, मग पारदर्शक होते. त्या क्षणी तापमापी वाचायची. बेंझॉइक आम्ल १२२ अंश सेल्सिअसला वितळते असे पुस्तकात छापलेले असते. म्हणूनच की काय, वर्गातल्या वह्यांत १२१ ते १२३ यांच्या बाहेरचा आकडा सहसा सापडत नाही.

एका वर्षी एका विद्यार्थ्याने ११६ लिहिले. मी त्याला प्रयोग पुन्हा करायला लावला. त्याने तो तीनदा केला, तिन्ही वेळा उत्तर तिथेच आले आणि त्याने तेच लिहिले. मी गुण कापले. पुढच्या आठवड्यात कळले की त्याच्या टेबलावरच्या बाटलीत कोणीतरी उरलेला दुसराच पदार्थ परत ओतला होता. बाटलीत जे होते त्याचा द्रवणांक त्या मुलाने बरोबर काढला होता. छापील आकडा मी त्याच्या डोळ्यांपेक्षा खरा मानला, एवढीच काय ती चूक, आणि ती माझी होती.

ही गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी वेगळ्याच निमित्ताने आठवली. प्लुटोनियम डायऑक्साइड या संयुगाबद्दल वाचत होतो. जुन्या संदर्भात त्याचा द्रवणांक २३९० अंश सेल्सिअस होता आणि नव्या संदर्भात २७४४. संयुग तेच, मधे गेली ती चाळीसेक वर्षे. दोन-चार अंशांचा फरक असता तर उपकरणे सुधारली असे म्हणून पुढे गेलो असतो. पण साडेतीनशे अंश म्हणजे शिसे वितळवून वर थोडे उरतील एवढे! शिवाय हे संयुग काही कपाटात पडून राहणारे नव्हे. ते अणुभट्टीचे इंधन आहे. इतका फरक आला कुठून, याचा माग काढताना जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

०००

सुरुवात भांड्यापासून करायला हवी. सेंद्रिय पदार्थांना काचेची नळी पुरते, कारण ते बहुधा तीनशे अंशांच्या आत वितळतात. अजैविक संयुगांचे तसे नसते. आपले साधे मीठ ८०१ अंशांना वितळते, आणि साधी काच त्याआधीच मऊ पडते. म्हणजे काचेच्या नळीत मिठाचा द्रवणांक काढायला जावे तर नळीच आधी हार मानते. मग चिनी मातीची मूस घ्यावी लागते, त्याहून वर प्लॅटिनमची, त्याहूनही वर आणखी कशाची तरी. आपल्याकडच्या रसशास्त्राला ही अडचण चांगली ठाऊक होती. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात मुशींची, त्यांच्या मातीची आणि आकारांची सविस्तर चर्चा आहे ती उगीच नव्हे. आत काय तापवायचे हे ठरले की कशात तापवायचे हाच खरा प्रश्न उरतो.

दुसरी अडचण मोजण्याची. पाऱ्याची तापमापी साडेतीनशे अंशांच्या पुढे फारशी कामाची नाही, कारण पारा ३५७ अंशांना उकळतो. कुंभाराच्या भट्टीतले तापमान मोजायचे तर कसे? इंग्लंडमधल्या जोसाया वेजवूड या नामांकित कुंभकाराने १७८२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे एक युक्ती मांडली. भाजल्यावर माती आकसते. तर ठरावीक मापाचे मातीचे तुकडे भट्टीत ठेवायचे आणि ते किती आकसले ते निमुळत्या खाचेत सरकवून पाहायचे. तुकडा जितका आत जाईल तितकी भट्टी जास्त तापलेली. कल्पना सुरेख होती आणि कारखान्यात उपयोगीही पडली. पण तिच्या आधारे वेजवूडने ओतीव लोखंडाचा द्रवणांक काढला तो सुमारे १८ हजार अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ १० हजार अंश सेल्सिअस! प्रत्यक्षात ओतीव लोखंड बाराशे अंशांच्या आसपास वितळते. मातीचे आकसणे तापमानाच्या सरळ प्रमाणात होत नाही, आणि भट्टीत ती किती वेळ राहिली यावरही ते अवलंबून असते. वेजवूड निष्काळजी नव्हता. त्याचा तुकडा मातीची गोष्ट सांगत होता आणि तो ती लोखंडाची समजून ऐकत होता.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये ल शातलिए यांनी प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियम मिश्रधातूच्या दोन तारा जोडून केलेले थर्मोकपल प्रचारात आणले, आणि सोळाशे-सतराशे अंशांपर्यंतचा प्रदेश विश्वासाने मोजता येऊ लागला. पण प्लॅटिनम स्वतःच १७६८ अंशांना वितळते. त्याच्या पलीकडे तापमापीने पदार्थाला स्पर्श करायचीच सोय नाही. उरतो तो प्रकाश. तापलेली वस्तू आधी लाल, मग नारिंगी, मग पांढरी दिसते, हे लोहाराला पूर्वीपासून माहीत होते. या उजेडाचे तापमानाशी नेमके गणित १९०० साली माक्स प्लांक यांनी मांडले, आणि त्यावर उभी राहिलेली प्रकाशीय उत्तापमापी दुरून पाहूनच तापमान सांगू लागली.

इथेही एक मेख आहे. प्लांकचे सूत्र कृष्णिकेसाठी आहे, म्हणजे पडलेला सगळा प्रकाश शोषून घेणाऱ्या आदर्श वस्तूसाठी. खऱ्या पदार्थाचा पृष्ठभाग त्याच तापमानाला कमी प्रकाश देतो, आणि किती कमी देतो हे पदार्थागणिक बदलते. त्यावर तोडगा भोकाचा. भर दुपारी रस्त्यावरून पाहिले तर घराची उघडी खिडकी काळी दिसते, कारण आत गेलेला उजेड बाहेर येत नाही. तसेच बंद भांड्याला एक खोल, अरुंद भोक ठेवले तर ते जवळजवळ आदर्श कृष्णिकेसारखे वागते. त्या भोकात रोखून पाहिले की भांड्याचे खरे तापमान कळते. नीट लक्षात घ्यायचे ते एवढेच, की कळते ते भांड्याचे तापमान.

०००

आता प्लुटोनियमकडे येऊ. हे मूलद्रव्य ग्लेन सीबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० ते ४१ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियात तयार करून ओळखले. १० सप्टेंबर १९४२ रोजी शिकागो विद्यापीठात त्याच्या शुद्ध संयुगाचे पहिल्यांदा वजन झाले. ते संयुग होते हाच ऑक्साइड, आणि वजन भरले २.७७ मायक्रोग्रॅम. मिठाचा एक कणही याहून कितीतरी जड असतो. माणसाने घडवलेल्या मूलद्रव्याचे तराजूत पडलेले हे पहिले संयुग. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते किलोंनी तयार होऊ लागले, आधी बॉम्बसाठी आणि मग विजेसाठी.

अणुभट्टीत इंधन बहुधा ऑक्साइडच्या रूपात वापरतात. युरेनियम ऑक्साइडच्या बोटाच्या पेराएवढ्या वड्या धातूच्या लांब नळीत एकावर एक रचलेल्या असतात. आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासून अशाच इंधनावर चालत आल्या. हा ऑक्साइड उष्णता फार हळू वाहू देतो. त्यामुळे वडीचा बाहेरचा कडा काही शे अंशांवर असतो आणि तिथून जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरवर, मध्यभागी, हजार-दीड हजार अंश असतात. जलद अणुभट्टीत तर मध्यभाग दोन हजारांच्याही पुढे जातो. वडी मधूनसुद्धा वितळता कामा नये, हा रचनेचा मूळ नियम. म्हणून भट्टीतून किती वीज काढायची याचे एक टोक थेट द्रवणांकाशी बांधलेले असते.

युरेनियम ऑक्साइड २८५० अंशांच्या आसपास वितळतो, हे बरेचसे निश्चित झाले होते. जलद भट्टीच्या इंधनात त्यात वीस-तीस टक्के प्लुटोनियम ऑक्साइड मिसळावा लागतो. मग मिश्रण केव्हा वितळेल? यासाठी प्लुटोनियम ऑक्साइडचा स्वतःचा द्रवणांक हवा होता. १९६० च्या दशकात अनेकांनी तो काढला. त्यातले सर्वांत जास्त वापरले गेलेले काम लायन आणि बेली या अमेरिकन संशोधकांचे, १९६७ सालचे. पद्धत त्या काळच्या मानाने उत्तम होती. नमुना टंगस्टनच्या छोट्या कुपीत घालायचा, कुपीचे तोंड वितळजोड देऊन बंद करायचे, भट्टीत समान गतीने तापवत न्यायचे आणि कुपीच्या भोकात उत्तापमापी रोखायची. तापमान चढत जाते. आतला पदार्थ वितळू लागला की मिळणारी उष्णता वितळण्यातच खर्ची पडते आणि आलेखाची चढती रेघ थोडा वेळ आडवी होते. ती जिथे आडवी झाली तो द्रवणांक. उत्तर आले २३९० अंश, म्हणजे युरेनियम ऑक्साइडपेक्षा साडेचारशे अंशांनी खाली.

टंगस्टन निवडण्यामागे विचार होता. तो ३४२२ अंशांना वितळतो. धातूंमध्ये त्याच्या वर कोणी नाही. युरेनियम ऑक्साइडचा द्रवणांक याच धातूच्या कुप्यांत नीट मोजला गेला होता. त्या दशकातले प्लुटोनियम ऑक्साइडचे इतरही आकडे २४०० च्या आसपास किंवा त्याहून खालचेच होते. आकडे एकमेकांच्या जवळ आहेत, तेव्हा ते खरे असणार, असे समजणे स्वाभाविक होते. पण सगळे साक्षीदार एकाच घरात उतरले असतील तर त्यांच्या जबान्या जुळल्याचे फारसे अप्रूप उरत नाही.

०००

त्या घरात काय घडत होते? युरेनियम आपला ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतो. प्लुटोनियम तितका घट्ट धरत नाही. खूप तापवले की त्याचा ऑक्साइड थोडा ऑक्सिजन सोडून देतो. बंद कुपीत तो ऑक्सिजन जाणार कुठे? भोवतीच्या टंगस्टनकडे. टंगस्टनचा ऑक्साइड बनतो आणि तो नमुन्यात उतरतो. भेसळ झालेला पदार्थ शुद्ध पदार्थाच्या आधी वितळतो. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो ते याच नियमावर, आणि सोनार दागिन्याचा सांधा जोडायला सोन्यात इतर धातू मिसळून आधी वितळणारे मिश्रण करतो तेही यावरच. म्हणजे कुपीत शेवटी जे वितळत होते तो निव्वळ प्लुटोनियम ऑक्साइड नव्हता. मूस नुसती धरून उभी नव्हती, ती पदार्थात मिसळत होती. जी कुपी युरेनियमशी प्रामाणिक राहिली तीच प्लुटोनियमच्या बाबतीत फितूर झाली.

हा संशय पक्का केला जपानी संशोधकांनी. जपानच्या अणुऊर्जा संस्थेतले कातो आणि त्यांचे सहकारी जलद भट्टीच्या मिश्र इंधनावर काम करत होते. प्लुटोनियमचे प्रमाण वाढवत नेले तसतशी टंगस्टनशी होणारी प्रक्रिया ठळक होत गेली. त्यांनी ऱ्हेनियम या धातूच्या कुप्या केल्या. ऱ्हेनियम ३१८६ अंशांना वितळतो, म्हणजे टंगस्टनच्या आधी. पण ऑक्सिजनच्या बाबतीत तो इतका हावरा नाही. २००८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कामातून शुद्ध प्लुटोनियम ऑक्साइडचा द्रवणांक निघाला सुमारे २५७० अंश. नुसते भांडे बदलले आणि आकडा १८० अंशांनी वर गेला. अशा वेळी पुढचा प्रश्न टाळता येत नाही: भांडेच नसते तर?

या प्रश्नाचे उत्तर जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथल्या, युरोपीय आयोगाच्या ट्रान्सयुरेनियम मूलद्रव्य संस्थेत मिळाले. डी ब्राउकर, मानारा, कोनिंग्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मिलिमीटरची चकती घेतली, ती दाबाखालच्या वायूने भरलेल्या बंद पेटीत ठेवली आणि तिच्यावर शक्तिशाली लेसरचा झोत सोडला, तोही सेकंदाच्या काही अंशापुरताच. चकतीचा फक्त वरचा पातळ थर वितळतो. खालची चकती थंडच राहते आणि त्या थराला तीच धरून ठेवते. पदार्थ स्वतःच स्वतःची मूस होतो. सगळा खेळ क्षणात संपत असल्याने ऑक्सिजन निसटायला वेळही कमी मिळतो. लेसर बंद झाला की थर गोठताना तापमानाची उतरती रेघ किंचित थबकते, आणि उत्तापमापी ती थबक टिपते. शिवाय दुसरा एक मंद लेसर पृष्ठभागावर पाडून त्याचे परावर्तन पाहतात. पृष्ठभाग द्रव असेल तर ते थरथरते, गोठला की स्थिर होते. प्लुटोनियम शरीरात जाणे अत्यंत घातक, म्हणून हे सारे हातमोजे बसवलेल्या बंद पेट्यांतून करायचे. २०१० आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर होते २७४४ अंश, २८ अंश इकडे किंवा तिकडे.

२३९०, २५७०, २७४४. या तीन आकड्यांची मी एका कागदावर नोंद केली आणि शेजारी लिहिले: टंगस्टन, ऱ्हेनियम, काहीच नाही. सगळा इतिहास त्यात आला.

०००

कोणी म्हणेल, चूक झाली ती सुरक्षित बाजूलाच झाली. द्रवणांक खरा होता त्यापेक्षा कमी धरला, म्हणजे रचनाकारांनी जास्तच सावधगिरी घेतली. हे खरे आहे, पण यात शहाणपणापेक्षा नशिबाचा भाग मोठा आहे. आणि चुकीच्या आकड्याने आणखी एक गोष्ट झाकून ठेवली होती. जुन्या आलेखात युरेनियम ऑक्साइडपासून प्लुटोनियम ऑक्साइडपर्यंत द्रवणांक सरळ उतरत जाताना दिसे. पुढच्या लेसर मोजण्यांत असे दिसले की दोन्ही टोके उंच आहेत आणि सर्वांत खालचा बिंदू मधल्या मिश्रणांत कुठेतरी आहे. म्हणजे आकड्याबरोबर वळणाचा आकारही बदलला. भोवतालच्या वायूत ऑक्सिजन किती आहे यावर तो आकार अजूनही थोडा हलतो.

हा विषय मुंबईकरांपासून दूरचा नाही. तुर्भ्याला प्लुटोनियम वेगळे करायला १९६४ मध्येच सुरुवात झाली. कल्पाक्कमची जलद चाचणी अणुभट्टी ऑक्टोबर १९८५ मध्ये सुरू झाली, तिचे इंधन तुर्भ्यालाच घडले. ते ऑक्साइड नव्हते, कार्बाइड होते, आणि त्यात सत्तर टक्के वाटा प्लुटोनियम कार्बाइडचा होता. असे इंधन आधी कोणीच चालवलेले नव्हते. कार्बाइड उष्णता ऑक्साइडपेक्षा कितीतरी चांगली वाहून नेतो, पण शुद्ध प्लुटोनियम कार्बाइडला सरळ द्रवणांकच नाही. साडेसोळाशे अंशांच्या सुमारास तो फुटतो, एक भाग द्रव होतो आणि दुसरा वेगळेच घन संयुग बनतो. सारणीत विसंबण्यासारखा आकडा नाही म्हटल्यावर तिथल्या लोकांनी कमी शक्तीवर सुरुवात केली, वापरलेले इंधन बाहेर काढून तपासले आणि मर्यादा पायरीपायरीने वाढवली. टनामागे २५ हजार मेगावॉट-दिवसांपासून निघालेले हे इंधन अखेर १ लाख ६५ हजारांपर्यंत पोहोचले.

आणि एक उलटी बाजूही आहे, जी मला उशिरा कळली. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड इथे अणुभट्टीतले पाणी कमी झाले आणि गाभ्याचा जवळजवळ अर्धा भाग वितळला, हे काही वर्षांनी कॅमेरे आत सोडल्यावर उमगले. तिथे इंधनाच्या वड्या झिर्कोनियमच्या नळ्यांत होत्या. झिर्कोनियम १८५५ अंशांना वितळतो, आणि वितळलेला झिर्कोनियम युरेनियम ऑक्साइडला विरघळवू लागतो. म्हणजे २८५० अंशांना वितळणारी वडी त्याच्या शेकडो अंश आधीच द्रवात उतरते. इथे भांड्याने पदार्थात मिसळणे ही प्रयोगातली चूक नव्हती, ती वस्तुस्थिती होती. शुद्ध पदार्थाचा द्रवणांक मिळवायला कार्ल्सरूहेच्या मंडळींना भांडे काढून टाकावे लागले. खऱ्या अपघाताचा अंदाज घ्यायचा तर भांडे परत हिशेबात घ्यावे लागते. दोन्ही आकडे लागतात, फक्त कोणता कशाचा आहे हे माहीत असायला हवे.

लायन आणि बेली यांचा २३९० हा आकडाही त्या अर्थाने खोटा नव्हता. टंगस्टनच्या बंद कुपीत ठेवलेला प्लुटोनियम ऑक्साइड त्याच सुमारास वितळतो. आजही कोणी तसाच प्रयोग केला तर उत्तर फारसे वेगळे येणार नाही. चूक मोजण्यात नव्हती. पुढे सारणी छापताना ‘टंगस्टनच्या कुपीत’ हे दोन शब्द गळून पडले आणि फक्त आकडा उरला.

त्या विद्यार्थ्याला मी त्याचे गुण परत दिले होते, पण त्याच्या वहीवर मारलेली लाल फुली तशीच राहिली. निवृत्तीच्या आधीची काही वर्षे मी प्रात्यक्षिकाच्या वहीत एक नवा रकाना आखून घ्यायला लावत असे. आकड्याच्या शेजारी नमुना कोणत्या बाटलीतला, नळी कोणती, तापमापी कोणती हे लिहायचे. मुलांना तो कंटाळवाणा वाटे, आणि हे कशाला लिहायचे असे ते दरवर्षी विचारत. प्लुटोनियमची ही हकिगत तेव्हा माझ्याजवळ नव्हती, नाहीतर तीच सांगितली असती.